भाकरीचा ठेका

पुणे, १२ जून २०२२

आप्पा,

जय भीम.

फोन तुम्ही घेत नाही. धाकट्या बंडूनं तुमच्या कानाला मोबाईल लावला की तुम्ही तो पलंगावर पालथा ठेवता आणि शेळीला पाणी पाजायला जाता, हेही कळलं मला. शेळी किती पाणी पिणार आप्पा? पोट फुटेल बिचारीचं. म्हणून आता टपालानं येते आहे. पत्ता नीट घातलाय, पिनकोड घातलाय, तिकीट सरळ चिकटवलंय. तुम्ही नोकरीभर पालीपासून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत पायपीट करून टपाल वाटलंत, कुणाचं पत्र आळसानं परत धाडलं नाहीत. माझंच धाडणार का? धाडून दाखवा.

भांडण काय आहे ते आधी सरळ लिहून टाकते. मी बँकेतली नोकरी सोडली आणि ड्रम वाजवायला लागले. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून म्हणालात, "ह्या घरात कातडं वाजणार न्हाई. वाजवायचंच असंल तर हिकडं फिरकू नगंस." मी म्हणाले, बरं. तुम्ही म्हणालात, बरं. आपण दोघं एकाच मातीचे, त्यामुळं त्या दोन 'बरं'वर वर्ष निघून गेलं. मधल्यामध्ये आई रडून रडून आजारी पडायची वेळ आली.

तुम्हीच सांगितलेली गोष्ट तुम्हाला परत सांगते, म्हणजे मी विसरलेले नाही एवढं तरी कळेल. सोनबा आजोबांची हलगी साऱ्या खोऱ्यात नावाजलेली. यात्रेला पालखी निघाली की आजोबा पालखीपुढं. देवाकडं पाठ व्हायला नको म्हणून उलटे चालत, चढाची वाट, चैताचं ऊन. आणि देवळापाशी पोचलं की पायरीच्या खाली उभे. सनईवाले बाहेरगावचे असायचे. कमिटीची माणसं त्यांच्या घरी जाऊन नारळ-सुपारी देऊन यायची, आले की ओसरीवर बसवून जेवायला वाढायची. आजोबांना सुपारी नव्हती. आजोबांना हाळी होती. आपल्या वस्तीच्या कडेला कुणीतरी उभं राहायचं आणि ओरडायचं, "ए सोनबा, चल रं!" झालं निमंत्रण.

मग आपल्या लोकांनी धम्म घेतला. त्यानंतर हाळी आली तेव्हा आजोबा म्हणाले, "येत न्हाई." हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. गावानं काम बंद केलं, गिरणीत दळण घेईनात. आजोबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि तुम्हाला शाळेत घातलं. तुम्ही पोस्टमन झालात, खाकी कपडे घातलेत. ज्या अंगणांत आजोबा उभे राहायचे त्याच अंगणांत लोक तुम्हाला "पोस्टमन आले, पाणी आणा गं" म्हणायला लागले.

हे सगळं मला ठाऊक आहे. आजोबांचं नाव निघालं की माझा ऊर भरून येतो. त्यांनी जे फेकलं ते ओझं होतं, आणि ते फेकलं म्हणून मी शिकले, म्हणून मला स्वतःच्या मनाचं काही निवडता आलं. मी ड्रम निवडले. मला कुणी हाळी घातली नव्हती आप्पा, मी आपण होऊन गेले. एवढा फरक तुमच्यासारख्या माणसाला दिसत नाही, याचाच मला राग येतो.

शिवाय एक बारीक मुद्दा. माझ्या ड्रमवर कातडं नाहीच. हल्ली प्लास्टिक ताणून बसवतात. तुमचा हुकूम कातड्याचा आहे. कायद्यानं बघितलं तर मी निर्दोष सुटते. हसलात ना? हसलात, मला माहितीये.

तुमची,
सुली


पुणे, १८ डिसेंबर २०२२

आप्पा,

जय भीम.

पत्र परत आलं नाही. म्हणजे निम्मी तरी जिंकले मी! बंडूनं सांगितलं, पाकीट हातात घेऊन तुम्ही आधी शिक्का बघितलात आणि म्हणालात, "पुसाट मारलाय. ह्या पोरांना शिक्का मारता येत न्हाई." मग आत जाऊन वाचलंत. लेक घर सोडून गेली त्याचं काही नाही, शिक्का पुसट आला त्याचं दुःख. धन्य आहे.

आई फोनवर विचारते, "जॅझ म्हंजी काय गं? भजन का लावणी?" तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. ज्या हॉटेलात ते वाजवायचे, त्याच हॉटेलात त्यांना पुढच्या दारानं येऊ देत नव्हते, पंगतीला बसू देत नव्हते. मागच्या दारानं यायचं, वाजवायचं, मागच्या दारानं जायचं. ओळखीचं वाटतं ना? त्यांनी वाद्य खाली ठेवलं नाही. इतकं वाजवलं, इतकं वाजवलं, की शेवटी जग तिकीट काढून त्यांच्या दारात उभं राहिलं. आजोबा वाद्य ठेवून जिंकले, ते वाद्य घेऊन जिंकले. मला दोन्ही पटतं. तुम्हाला एकच पटतं. वाद एवढाच आहे.

माझे गुरू रिबेलो सर मूळचे गोव्याचे. कॅम्पात एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहतात, त्यामुळं आमच्या रियाजाला नेहमी पावाचा वास. म्हातारा भयंकर तोंडाळ आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "बँकेतल्या बायका इथं कशाला येतात? खातं नाही उघडत मी." तरी बसवलं. ड्रमरच्या उजव्या हाताशी एक मोठी थाळी असते, काशाची म्हणा. त्या थाळीवर काठी सारखी चालत राहते: टन्, टन्-ट टन्, टन्-ट. अख्ख्या जॅझचा जीव त्या चालीत. ऐकायला सोपी, पण पोरांची वर्षं जातात आणि तरी ती घड्याळासारखी कोरडी वाजते. त्यात झोका यायला पाहिजे, झोका.

मी वाजवली. सर खुर्चीतून उठले. म्हणाले, "कुणाकडे शिकलीस?" म्हटलं, कुणाकडंच नाही. "खोटं बोलू नकोस. हा हात शिकलेला आहे." मी आपली शपथा घेत बसले.

गंमत पुढं आहे. त्याच बेकरीवर, सरांच्या शेजारी घेतलेल्या माझ्या खोलीवर आले आणि भाकरी थापायला घेतली. माझी भाकरी कशी असते तुम्हाला ठाऊक आहे, एका बाजूनं नकाशा आणि दुसऱ्या बाजूनं भोक. पण हात काय करत होते? थप्, थप्-थ थप्, थप्-थ. मी तशीच पिठाच्या हातानं बसून राहिले. ही तर ठकुआत्याची भाकरी! लहानपणापासून आत्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापते तो आवाज. आत्याला फोन लावला, म्हटलं, मोबाईल काठवटीपाशी ठेव आणि थाप. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण थापली. तीच चाल, तोच झोका. विचारलं, आत्या, हे कुठून शिकलीस? तर म्हणते, "शिकतीया कशाची? बाची हलगी हाय ही. बा हलगी शेकायचा, तवा मी कागुद पेटवून धरायची. हातात राह्यली, दुसरं काय?"

ऐकलंत का आप्पा? भोंगवलीत नवरा वारला आणि आत्या आपल्याकडं परत आली, तेव्हापासून घरातली भाकरी तीच करते. तुमच्या हुकमानं घरात कातडं वाजलं नाही. पण भाकरी वाजत होती! रोज, दोन्ही वेळेला, तुमच्या नाकासमोर. पोस्टमनच्या घरात चोरटा माल येत होता आणि पोस्टमनला पत्ता नाही.

मला इतका आनंद झालाय की खाली बेकरीवाल्याला पण सांगितलं. तो म्हणाला, आम्ही पावाला थापत नाही.

तुमची,
सुली


लिस्बन, पोर्तुगाल, ५ ऑक्टोबर २०२३

आप्पा,

जय भीम.

पाकिटावरची तिकिटं बघा आधी. मुद्दाम सगळी वेगळी लावलीत. शिक्का मी खिडकीसमोर उभी राहून मारून घेतलाय, त्या बाईला खुणेनं सांगितलं, नीट मार, माझा बाप बघणार आहे. मारला तिनं, ठसठशीत.

मी इथं वाजवायला आले आहे. आमची चार जणांची मंडळी आहे. पियानोवर शेफाली, सॅक्सोफोनवर सार्थक, मोठ्या उभ्या बासवर रिबेलो सरांचा पुतण्या, आणि ड्रमवर मी. मंडळीचं नाव मी ठेवलं, कुणाला विचारलं नाही. 'सोनबा क्वार्टेट'. पोस्टरवर एवढ्या मोठ्या अक्षरांत, तुमच्या वडिलांचं नाव, परदेशातल्या भिंतीवर. फोटो सोबत आहे. भिंतीखाली कुत्रं झोपलंय तिकडं लक्ष देऊ नका.

सगळं सुखासुखी झालं असं नाही. पुण्या-मुंबईला अजून होतं ते इथंही झालं. मी ड्रम मांडत होते, साउंडवाला आला आणि म्हणाला, ड्रमर कधी येणार? मी म्हटलं, निघालाय, वाटेत आहे. मग मांडून झाल्यावर बसले आणि असा एक दणका दिला की त्याच्या कानातली यंत्रं खाली पडली. सार्थक म्हणतो, तुला राग आला की तू जास्त चांगली वाजवतेस. राग कुणाकडून आला ते त्याला माहीत नाही.

संध्याकाळी दिवाणखान्यासारखं सुंदर थिएटर, माणसं गच्च. सूत्रधारानं नाव पुकारलं, "शोन्बा". मी आत उभी होते. कुणीतरी आजोबांचं नाव घेतलं, आणि ते हाळी घालून नाही. मान देऊन. मी जाऊन बसले. आप्पा, ड्रमर बसून वाजवतो. ज्या स्टुलावर बसतो त्याला आमच्या धंद्यात सिंहासन म्हणतात, खोटं सांगत नाही. मी बसलेली, समोरची माणसं शेवटी उठून उभी राहिलेली, टाळ्या थांबेनात. मधे मी एकटीनं वाजवलं, बाकी सगळे गप्प, तेव्हा आत्याची भाकरी वाजवली. साधी, हळू, जशी ती पहिल्या भाकरीला थापते, पीठ अजून हाताला लागायचं असतं तशी. मग वाढवत नेली. लोक श्वास धरून होते. एक म्हातारी नंतर भेटून हात धरून म्हणाली, हे तू कुठल्या शाळेत शिकलीस? म्हटलं, आमच्या चुलीपाशी.

आमची रेकॉर्ड निघणार आहे. जपानहून बोलावणं आहे. रिबेलो सरांनी फोनवर पहिल्यांदा शिवी न देता विचारपूस केली, म्हणजे खरंच काहीतरी घडलंय.

खूप आनंदात आहे मी. आणि टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी पहिल्या रांगेत तुम्हाला शोधत होते. पोर्तुगालमध्ये! वेडीच आहे मी.

तुमची,
सुली


पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

जय भीम.

हे पत्र नीट बसून वाचा. दारात उभ्यानं नको.

काल चिमाजीरावांचा फोन आला. आपल्या गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्याच आजोबांनी वस्तीच्या कडेला उभं राहून शेवटची हाळी घातली होती, हे तुम्ही सांगितलेलं. फोनवर लोणी नुसतं! "ताई, तुमी जपानला गेला, पेपरात फोटू आला, गावाचं नाव काढलं. औंदा यात्रंत तुमचा कारेक्रम पायजे. पालखीफुडं. तुमच्या आज्याची हलगी लई गाजलेली, ती परंपरा तुमी चालवा. या तुमी."

या तुमी. मी म्हटलं, "सुपारी द्या."

"मानधन सांगा की ताई, आत्ता टाकतो मोबाईलवरनं."

"पैशाचं नंतर बघू. नारळ आणि सुपारी. आणि ती माझ्या हातात नाही, माझ्या आप्पांच्या हातात. आमच्या घरी जायचं, आत बसायचं, आमच्या कपातला चहा प्यायचा आणि आप्पांना विचारायचं. ते हो म्हणाले तर मी येईन. सनईवाल्यांना देतात तसा मान."

पलीकडं त्यांनी कुणाशी तरी कुजबुज केली. मग म्हणाले, "बघतो कमिटीत इचारून."

फोन ठेवला आणि उशिरापर्यंत ड्रम बडवत बसले. रागानं. की भीतीनं, माहीत नाही.

तर आप्पा, आता सगळं तुमच्यावर आहे. ते येतीलच असं नाही. आले आणि तुम्ही नाही म्हणालात, तर नाही. तुमच्यामागून मी काही करणार नाही. पण माझ्या मनात काय आहे ते सांगते, मग म्हणू नका सांगितलं नाही. मला त्या गावात वाजवायचं आहे. टोकियोत वाजवलं, लिस्बनला वाजवलं, पण ज्या पायरीखाली आजोबा उभे राहिले, तिथल्या लोकांनी बसून ऐकल्याशिवाय माझं पोट भरणार नाही. उलटं चालत मात्र नाही. पालखीपुढं नाही. हलगी घेऊन नाही.

आणि तुमच्याशिवाय नाही. हे कसं लिहावं कळत नाही म्हणून तसंच लिहिते.

तुमची,
सुली


पुणे, ३ मार्च २०२५

आप्पा! आप्पा!

जय भीम, हजारदा जय भीम!

बंडूनं फोनवर सगळं सांगितलं. मी परत सांगायला लावलं, मग शेफालीला ऐकवायला पुन्हा सांगायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "आता येऊन बघ की." येईन कशी? तुमचा शब्द आहे ना, फिरकू नकोस म्हणून. मी इथंच उड्या मारतेय.

जीप रस्त्यावर लावून कमिटीची माणसं अंगणात उभी राहिली. चिमाजीराव म्हणाले, "पोस्टमन, जरा भाईर या, बोलायचं हाय." आणि तुम्ही आतून म्हणालात, "बोलायचं असंल तर आत बसून बोलू. हाळी घालाय आला असाल तर मला आलीकडं ऐकू येत न्हाई."

आप्पा, मी या वाक्यासाठी जन्मभर तुमचे पाय चेपीन.

आले आत. बसले. चहा आला तर एक जण म्हणाला, "मला साखर वर्ज्य हाय." तुम्ही आईला हाक मारलीत, "ह्यांचा बिनसाखरंचा कर गं." दुसरा म्हणाला, "माझा आत्ताच झालाय." तुम्ही म्हणालात, "आत्ताचा जिरस्तवर थांबू की. घाई कुनाला हाय?" आणि खरंच थांबलात! घड्याळाकडं बघत, पाय पसरून. शेवटी सगळ्यांनी प्यायला. बंडू म्हणतो, आत्या दाराआड उभी राहून प्रत्येक कप रिकामा झालेला बघत होती.

मग ताटात नारळ-सुपारी पुढं आली. तुम्ही हात लावला नाहीत. विचारलंत, "वाजवायचं कुठं?"

"पालखीफुडं."

"न्हाई. पालखीफुडं सोनबा वाजवायचा, त्याचं त्यानं मिटवलं. माझी लेक पालखी झाल्यावर, दुसऱ्या दिशी सांजच्याला, शाळंच्या पटांगणात वाजवंल. स्टेज बांधा. ती बसून वाजवंल आन गाव खाली बसून ऐकंल. तिच्याबरुबरची पोरं गावाच्या पंगतीत जेवतील. आन जाहिरातीवर तिचं नाव आख्खं लिवा, बाच्या नावासकट."

चिमाजीराव म्हणाले, "बरं." तेव्हा कुठं तुम्ही सुपारी उचललीत, आणि खिशात टाकलीत, पूर्वी मनिऑर्डरीचे पैसे ठेवायचात त्या खिशात.

मी रडले आप्पा. खूप रडले, मोठ्यानं, आनंदानं. खाली बेकरीत ऐकू गेलं.

पण एक राहिलं. बंडूनं तुम्हाला विचारलं, "आप्पा, तुमी येणार का ऐकायला?" आणि तुम्ही म्हणालात, "सुपारी घेतली म्हंजी ऐकाय जायाचं असं कुठं लिवलंय?"

कुठं लिहिलं नाही. मी आता लिहिते. स्टेजच्या बरोबर समोर एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. एकच. बाकी सगळं गाव सतरंजीवर. या. बोलू नका माझ्याशी, हवं तर तोंड फिरवून बसा. पण या.

तुमची,
सुली


आपलं गाव, ता. वेल्हे (आता राजगड म्हनत्यात, पन हात वेल्हे लिवतो), २० एप्रिल २०२५

चि. सुलक्षणास,

तुझ्या बाचा जय भीम.

लोकांची पत्रं वाटन्यात जल्म गेला, सोताला लिवायची सवय न्हाई. आदी सरकारी भाषंत लिवाय बसलो, दोन कागुद फाडलं. मंग तुझी आई म्हनली, बोलता तसं लिवा. तर बोलतो तसं लिवतोय. समजून घे.

मी आलोवतो.

तुझ्या खुर्चीवर अक्काला, तुझ्या ठकुआत्याला, बसवली. तिचा मान मोठा हाय. मी पाठीमागं शाळंच्या पायरीवर बसलो. हुबा न्हाई राह्यलो, बसलो. तितनं सगळं दिसत हुतं. तू आलीस, बसलीस, खुर्चीकडं बघितलंस. मी न्हाई दिसलो. तुझं तोंड उतारलं, ते मला तितपातूर दिसलं. मनात म्हनलं, वाजव गं माझे बाई, मी हाय हितं.

आन मंग तू वाजवलंस. काय सांगू तुला? चिमाजीराव खाली सतरंजीवर मांडी घालून. राजगड किल्ला उतरून आलेली पुन्याची पोरं, पालीची मानसं, समदी मुंडी वर करून. माझी लेक वर बसलेली, आन समदा गाव खाली बसलेला. माझी छाती ही एवढी झाली. शेजारी कोन हुता त्याला म्हनलं, माझी हाय ती. त्यो म्हनला, म्हाईत हाय पोस्टमन, तुमीच जाहिरातीवर लिवाय लावलंय.

मदी तू ती चाल काढलीस, हळू. अक्का खुर्चीत बसल्याजागी मांडीवर हात थापाय लागली. तिचं तिला कळत न्हवतं. मला पाठनं तिचं हात दिसत हुतं आन फुडं तुझं. आन मला सोनबा दिसला. उलटा चालताना न्हाई. बसल्याला.

आता तुला एक सांगतो. तू मोठ्या ऐटीत लिवलंवतंस, पोस्टमनच्या घरात चोरटा माल येतो आन पोस्टमनला पत्त्या न्हाई. आगं, तुला पुन्याला जाऊन कळलं. मला ल्हानपनापास्नं म्हाईत हाय. तुझी आई नवी नवरी आली, भाकरी कराय बसली, तवा मी म्हनलं, भाकरी अक्काच करंल. तिला वाटलं तिच्या हाताची आवडत न्हाई. त्यो राग तिचा आजून हाय. तसं न्हवतं. सोनबानं हलगी ठिवली, तवापास्नं सांजच्याला चुलीपाशी भिताडाला टेकून, डोळं मिटून बसायचा. अक्का भाकरी थापायची. भाकऱ्या झाल्या की उठायचा. बोलायचा कायबी न्हाई. त्यो गेल्यावर त्या जागी मी बसाय लागलो. कानानं काय भैरा हाय व्हय मी? कुनाला सांगितलं न्हाई इतकंच. तुझ्या आईला काल सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आन म्हनली, "येवढ्यासाठी मला इतकी वरसं रुसाय लावली व्हय!" मंग लई हासली.

कारेक्रम झाला, तुमची मम्हईला जायाची घाई. तुझी गाडी घरावरनं गेली. दारात मी हुतो. गाडी थांबली न्हाई. तू माझा शब्द पाळलास, फिरकू नगंस म्हनलोवतो त्यो. माझीच लेक ती. बंडूला मी बजावलं, म्या आलोवतो हे सांगू नगंस तिला, मला लिवायचं हाय. म्हनून त्यो गप हाय, त्याला बोलू नगंस.

तुझी समदी पत्रं मी राखून ठिवल्यात. लिस्बनचा शिक्का लई झ्याक मारलाय.

आता कामाचं. घरात कातडं वाजनार न्हाई, ह्यो शब्द मी सोनबाला दिलेला हाय. त्यो मी मोडत न्हाई, मरस्तवर मोडनार न्हाई. पन तूच लिवलंयस की तुझ्या वाद्यावर कातडं नसतंच, प्लास्टिक असतं. म्या ते पत्र पुन्यांदा काढून वाचलं. बरुबर हाय तुझं. कायद्यात बसतंय.

ओटीवरची दान्याची कनगी हालवून जागा केलीया. समदं घिऊन ये.

तुझा,
आप्पा